चाचणी संदेश, काही करू नये

प्रफुलला गडचिरोलीला पाठवताना पुण्याच्या कंपनीतला साहेब म्हणाला होता, "तू तिकडचाच ना रे? तुला काय, सोपं जाईल." आता तिकडचा म्हणजे कुठला? प्रफुल कोरपन्याचा. तिथे कापूस, सिमेंटच्या कारखान्यांची धूळ, आणि जवळच तेलंगी मुलूख. गडचिरोली वैनगंगेच्या पलीकडे, जंगलात. मध्ये अर्धा चंद्रपूर जिल्हा आडवा पडलेला. पण पुण्यातून पाहिलं की नागपूरच्या पुढचं सगळं एकच दिसतं, आणि त्यात वाघ असतो.

गंमत अशी की गडचिरोलीत आल्यावर लोक त्याला पुण्याचे साहेब म्हणू लागले. नऊ वर्षं पुण्यात राहून त्याची जीभ इतकी घासली गेली होती की चहाच्या टपरीवर तो "मला एक चहा द्या" म्हणाला की टपरीवाला कप आधी फडक्याने पुसून घ्यायचा. पुण्यात जंगली, जंगलात पुणेरी. ज्याला दोन्हीकडचे लोक पाहुणा समजतात त्याला जेवायला कोणीच बोलवत नाही, हे प्रफुलला पहिल्या महिन्यातच कळून चुकलं.

आईवडील राहिले नव्हते. कोरपन्याचं घर भाड्याने दिलेलं. लग्नाचं दोनदा जुळता जुळता राहिलं, मग विचारणारेच थांबले. पुण्यात दोन पोरांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचा. ती पोरं दरवर्षी बदलायची, फ्लॅट तोच. असा हा चौतिशीचा माणूस दोन हजार नऊ सालच्या उन्हाळ्यात गडचिरोलीच्या एका सरकारी इमारतीत, जिन्यामागच्या खोलीत येऊन बसला.

काम मोठं नामी होतं. सरकारचा निरोप गावोगावी मोबाईलवर पोचवायचा. वरच्या धरणातून पाणी सोडलं, पुलावरून पाणी वाहतंय, अमुक रस्ता बंद झाला, तमुक गावी डॉक्टर येणार, असले निरोप. त्यासाठी खोलीत एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेली सिमकार्ड घातलेली एक डबी, आणि वीज गेली की चालणारी बॅटरी. त्या डबीचा स्वतःचा एक मोबाईल नंबर होता. प्रफुलने इथे बटण दाबलं की त्या नंबरावरून कोतवालांना, पोलीस पाटलांना, आशाताईंना आणि नदीच्या घाटांवर होडी हाकणाऱ्या डोंगेवाल्यांना एकदम मेसेज जायचा. बहुतेकांच्या फोनवर मराठी अक्षरं उमटत नसत, नुसते चौकोन दिसत. म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहावं लागे.

यंत्रणा चालू आहे की नाही हे बघायला तो रोज सकाळी ऑफिस उघडल्यावर एक मेसेज सोडायचा. "चाचणी संदेश. काही करू नये." हे 'काही करू नये' साहेबाने मुद्दाम घालायला लावलं होतं, नाहीतर लोक घाबरून टेकडीवर जाऊन बसतील म्हणे.

लोक कुठले घाबरतात! सरकारने काही करू नका म्हटलं आणि लोकांनी ते तंतोतंत ऐकलं, असा हा बहुधा पहिलाच प्रसंग. कोणीच काही केलं नाही. स्क्रीनवर नावांपुढे 'पोचला, पोचला, पोचला' अशी रांग उमटायची, आणि प्रफुल त्या रांगेकडे बघत डबा उघडायचा. दिवसभरात त्या खोलीत येणारा माणूस एकच, दादाजी शिपाई. तो चावी द्यायला यायचा आणि चावी घ्यायला यायचा. मधल्या वेळात पंखा आणि एक पाल.

मग एक दिवस त्या डबीत उत्तर आलं. कोणाचं तरी, एकच अक्षर. ओ.

प्रफुलला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, ओ. तिसऱ्या दिवशीही. चाचणी संदेश गेला की चहा थंड व्हायच्या आत त्या एका नंबरावरून ओ यायचाच. यादीत पाहिलं तर नाव होतं मनसाराम, डोंगेवाला, आणि मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पलीकडच्या थडीवरचा एक घाट.

सिस्टीममध्ये काही दोष असेल तर तो पुण्याला कळवावा लागतो, म्हणून प्रफुलने त्या नंबरावर फोन लावला. निदान त्याने स्वतःला सांगितलं तरी तसंच.

"हालोऽ," पलीकडून एवढा मोठा आवाज आला की प्रफुलने फोन कानापासून लांब धरला. नदीवर बोलायची सवय असलेला म्हातारा माणूस.

"मी गडचिरोलीहून बोलतोय. तुम्हाला रोज सकाळी मेसेज येतो ना, चाचणीचा? त्यावर तुम्ही काहीतरी पाठवता."

"हो जी, ओ देतो."

"पण कशासाठी?"

प्रश्नच इतका अडाणी होता की म्हाताऱ्याने लहान पोराला समजवावं तसा आवाज खाली आणला.

"हाक आली त ओ द्या लागते ना जी," तो म्हणाला. "नाई देली त तिकडचा मानूस उभाच राह्यते. त्याले का मालूम, आपुन ऐकलं का नाई ऐकलं?"

"अहो, पण त्यात लिहिलेलं असतं, काही करू नये म्हणून."

"मंग? मी कुठी काई करतो? फकस्त ओ देतो."

यावर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं. प्रफुल हसला. हसू फुटल्यावर त्याच्या लक्षात आलं की या खोलीत आपण पहिल्यांदाच मोठ्याने हसलो.

मग म्हाताऱ्याने सगळं सांगितलं, आणि प्रफुलने सगळं ऐकलं. मनसाराम जातीचा ढिवर. बाप डोंगा चालवायचा, आजा चालवायचा, आता घाटावर तो एकटाच. पलीकडच्या थडीवरून कोणी 'डोंगा होऽऽ' अशी हाक मारली की हातातलं काम टाकून आधी 'ओ' द्यायची. डोंगा लगेच नेता आला नाही तरी चालेल, जेवत असलो तरी तोंडात घास घेऊन ओ द्यायची. कारण ओ ऐकली की पलीकडचा माणूस निवांत वाळूत बसतो, विडी काढतो. नाही ऐकली तर उन्हात उभा राहून ओरडत राहतो. माणसाला उभं ठेवणं हे पाप.

"आन नदीवर नावानं हाक नाई मारत, बरं का. नाव पान्यात पडते म्हनत होते आमची माय. डोंगा हो म्हना लागते."

"आता किती हाका येतात दिवसाला?" प्रफुलने विचारलं.

"आता?" म्हातारा म्हणाला. "आता वरतं पूल झाला ना जी. लोकं गाडीनं जाते. एकही नाई येत. मार्कंड्याच्या जत्रेले दोन-चार बाया येते, हौशीनं. नाईतं तुमचीच येते, सकाळची."

त्याला मेसेज लिहिता येत नव्हता. आठवडी बाजारातल्या मोबाईलवाल्याने त्याला शिकवलं होतं, सहाचं बटण तीनदा दाबायचं आणि मग पाठवायचं वरचं. ओ उमटतो. तेवढंच शिकून घेतलं. बाकी अक्षरांचं त्याला काम नव्हतं.

"तुम्ही कुठून हाक मारता जी?" त्याने विचारलं.

"मोठ्या सरकारी ऑफिसात आहे मी. जिन्याच्या मागची खोली."

"या कधी इकडे. तुमच्याकडल्या थडीवर उभे राहून हाक मारजा. मी येतो डोंगा घेऊन."

"येतो," प्रफुल म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "मले बी पाहाचा आहे तुमचा घाट, भाऊ."

'मले' हा शब्द त्याच्या तोंडात कित्येक वर्षांत आला नव्हता. शेवटचा आईशी बोलताना आला असेल.

त्या पावसाळ्यात यंत्रणेने काम केलं, खोटं कशाला बोला. नदी दोनदा चढली, दोनदा निरोप गेले, गुरं वेळेत वर नेली गेली. कोणी प्रफुलचे आभार मानले नाहीत, कारण आभार मानायला पलीकडे कोण बसलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण रोज सकाळी ओ येत होती. पुराच्या दिवसांतही आली. ताप असताना प्रफुलने घरी राहायला हवं होतं, तरी तो ऑफिसात गेला, हाक मारली, ओ घेतली आणि परत येऊन झोपला. माणूस एवढ्याशा गोष्टीवर जगतो, आणि जगतो आहे हे त्याला लाजेने कोणाला सांगता येत नाही. पुन्हा फोन मात्र त्याने केला नाही. काय बोलणार? निमित्त काय?

दसऱ्याच्या सुमाराला पुण्याहून फर्मान आलं. प्रयोग यशस्वी, आता सगळं क्लाउडवर न्यायचं.

दादाजीने विचारलं, "म्हंजे का करनार सर?"

प्रफुलने सांगितलं की ही डबी, हा कॉम्प्युटर, ही बॅटरी, सगळं जाणार. दूर कुठेतरी मोठ्या इमारतीत हजारो मशिनी असतात, त्यातल्या दोन-तीन आपण भाड्याने घ्यायच्या. एक बंद पडली तर दुसरी आपोआप उभी राहते. तिथून मेसेज थेट मेसेजच्या कंपनीकडे जातो आणि तिथून सगळ्या जिल्ह्यात. इथे वीज गेली काय, पूर आला काय, काही अडत नाही.

"आन ते मशिनी ढगात राह्यते?"

"तसं म्हणतात."

"मंग त पावसासारखंच झालं," दादाजी म्हणाला. "येईन त येईन." आणि चावी वाजवत निघून गेला.

प्रफुल कामाला लागला. कामात तो वाकबगार होता, त्यात संशय नाही. इंटरनेट गोगलगायीच्या चालीने चालायचं, मध्येच तुटायचं. तरी त्याने त्या लांबच्या मशिनी एकेक करून उभ्या केल्या. एकीत गावांची यादी, दुसरीत निरोपांची रांग, तिसरी राखीव. एक मशीन मुद्दाम बंद पाडून बघितली; राखीव मशीन चहाचा घोट घेईपर्यंत जागी झाली. असं देखणं काम हातून झालं की कोणाला तरी बोलावून दाखवावंसं वाटतं. खोलीत पाल होती.

मग मेसेज पाठवणारी कंपनी ठरली, आणि तिथे अडलं. आता निरोप नंबरावरून जाणार नव्हता. नंबराच्या जागी सहा अक्षरांचं एक नाव दिसणार होतं, सरकारी थाटाचं. आणि त्या नावाला उत्तर पाठवता येत नाही. वाट एकाच बाजूची.

प्रफुलने पुण्याला फोन केला. "सर, जुना नंबरही चालू ठेवूया का? लोकांची उत्तरं येतात."

"कसली उत्तरं?"

कसली म्हणून सांगणार? "म्हणजे... पोच देतात."

"पोच तर मशीनच देतं की. डिलिव्हर्ड म्हणून दिसतं ना? अरे, आपल्याला सूचना द्यायची आहे, गप्पा नाही मारायच्या." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचं ओरडणं ऐकू येत नाही, त्यात साहेबाचाही दोष नव्हता. "आणि हो, रोजची चाचणी आपोआप जाईल असं करून टाक. माणूस नको त्यात. म्हणजे तू मोकळा."

तू मोकळा. प्रफुलला तो शब्द अंगाला झोंबला. मोकळा तो होताच, जन्मभर होता. आता एक धागा होता तोही स्वतःच्या हाताने कापायचा होता, आणि वर तो नीट कापला गेला की नाही याचा अहवाल द्यायचा होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे गोत म्हणजे एक म्हातारा, तोही कधी न पाहिलेला.

मनसारामला फोन करून सांगावं असं त्याने रोज ठरवलं. सांगायचं काय, की भाऊ, उद्यापासून ओ देऊ नका? ते त्याच्याच्याने होईना. आज नको, उद्या सांगू, करत करत दिवस गेले. आणि एका सकाळी पुण्याहून साहेबाने तिकडच्या सगळ्यांच्या देखत बटण फिरवलं.

चाचणी संदेश त्या दिवशी मशिनीने स्वतः सोडला. प्रफुल नुसता बघत बसला. शब्द तेच होते, त्यानेच लिहिलेले. नावांपुढे 'पोचला, पोचला' अशी हिरवी रांग उमटली. मनसाराम, पोचला. चहा थंड झाला. डबीचं सिम काढून त्याने आदल्याच दिवशी पुण्याला कुरिअर केलं होतं.

मशीन हाक मारत होती, आणि पलीकडच्या थडीवर एक म्हातारा खरोखरच्या माणसाला द्यावी तशी ओ देत होता. उभं मात्र कोणीच नव्हतं. प्रफुलला हे कळत होतं आणि त्याने ते कोणालाही सांगितलं नाही.

पुढचा आठवडा आवराआवरीत गेला. कॉम्प्युटर जमा केला, बॅटरी जमा केली. शेवटच्या दिवशी सकाळी त्याने खोलीची चावी दादाजीच्या हातात ठेवली. संध्याकाळची नागपूरची गाडी होती आणि पुढे पुणे. बॅग भाड्याच्या खोलीवर भरून ठेवलेली. अख्खा दिवस रिकामा. आता तरी फोन करू म्हणून त्याने मनसारामला लावला.

घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

त्याने पुन्हा लावला. पुन्हा तेच. दहा मिनिटांनी पुन्हा. हाकेला ओ न देणारा माणूस नव्हता तो. तोंडात घास असताना ओ देणारा माणूस. एकटा राहतो. म्हातारा आहे. नदीच्या काठाला आहे.

भाड्याच्या खोलीच्या मालकाची मोटरसायकल मागून तो निघाला. चामोर्शीचा रस्ता धरला, मग मार्कंड्याचा फाटा. धान कापणीला आलेलं, बांधांवर शिंदीची झाडं. त्याने काही पाहिलं नाही. देवळाला बाहेरूनच हात जोडले आणि खालच्या अंगाला जाणारी बैलवाट धरली. वाट वाळूत जाऊन संपली. पुढे वैनगंगा.

पलीकडच्या थडीवर, उंचशा जागी एक झोपडी होती. खाली काठाला डोंगा बांधलेला. झोपडीचं दार लावलेलं.

"मनसारामभाऊ!" तो ओरडला. "ओ मनसारामभाऊ!"

पाण्यावरून आवाज गेला तो गेलाच. आणि मग त्याला आठवलं, नदीवर नावाने हाक मारत नाहीत. त्याच्या अंगावर काटा आला. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या माणसालाही एकटं उभं असताना काटा येतोच.

"डोंगा होऽऽ!" त्याने घसा फोडून हाक दिली.

काही नाही. एक बगळा उडाला आणि थोड्या अंतरावर जाऊन पुन्हा बसला.

प्रफुलने किती हाका मारल्या त्याला सुमार नाही. घसा बसला. ऊन डोक्यावर आलं. पूल तिथून बराच वर होता. मोटरसायकलने फेरा मारून पलीकडे जाता आलं असतं, हे त्याला सुचत होतं. पण जायला पाय होईना. दार उघडल्यावर आत काय दिसेल, याची त्याला भीती वाटत होती. सरळ सांगायचं तर तो भ्याला होता.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दादाजी.

"सर, तुम्ही कुठी आहा?"

"नदीवर. का?"

"एक बुडा आला होता इथी. सकाळच्या गाडीनं. जिन्याच्या मागच्या खोलीपुढे बसला. म्यां म्हटलं, कोन पाह्यजे? त म्हने, इथून रोज हाक मारते ते साहेब पाह्यजे."

प्रफुलने फोन कानाशी घट्ट धरला.

"काय म्हणाला?"

"मले त येडाच वाटला सर. म्हने, मी रोज ओ देऊन राह्यलो, पन आठ दिस झाले, माही ओ जाऊनच नाई राह्यली. फोनात फुली येते म्हने. बाजारातल्या मोबाईलवाल्याले दाखवला त तो म्हने, तिकडं पोचत नाई. आन हाक त रोज येऊन राह्यली! म्हंजे साहेब तिकडं उभाच असन, म्हने, त्याले वाटत असन कोनी ऐकत नाई. म्हनून सोता ओ द्याले आलो."

प्रफुलने पलीकडच्या लावलेल्या दाराकडे पाहिलं.

"म्यां म्हटलं, फोन लावाचा होता ना बुवा. म्हने, फोन घरी ठेवून आलो. मी इकडं, आन तिकडं हाक आली त घर रिकामं नको."

दादाजी या गोष्टीवर हसला. मग आपण एकटेच हसतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने हसणं अर्धवट सोडलं.

"मग?" प्रफुलने विचारलं.

"म्यां सांगतलं, साहेब गेले. काम संपलं. चावी देल्ली मायाजवळ. त बसला बराच वेळ तसाच, कुलुपाकडे पाहात. म्हने, मले उशीर झाला. मंग उठला आन दुपारच्या गाडीनं गेला परत. सर? हालो? तुमची नागपूरची गाडी आहे ना आज?"

"आहे," प्रफुल म्हणाला.

फोन बंद केल्यावर तो रडला. तिथे बघायला बगळ्याशिवाय कोणी नव्हतं, तेव्हा लपवायचं कारण नव्हतं. सहा महिने तो हिरव्या रांगेकडे बघून म्हणत होता की सगळं पोचतंय. आणि एक म्हातारा स्वतःच पोचत होता, बसच्या खिडकीत बसून, त्याच पुलावरून ज्याने त्याचा घाट ओस पाडला. आयुष्यात कोणी आपल्यासाठी बस पकडून आलं, असं प्रफुलला आठवत नव्हतं. आणि ज्या दिवशी आलं, त्या दिवशी दाराला कुलूप.

ऊन कलायला लागलं. नागपूरची गाडी गाठायची तर आता निघायला हवं होतं. बॅग, तिकीट, पुण्याची खोली, तिथली यंदाची नवी पोरं, सगळं वाट बघत होतं. किंवा खरं म्हणजे काहीच वाट बघत नव्हतं. प्रफुलने मोटरसायकल झाडाखाली सावलीत लावली आणि परत येऊन काठावर उभा राहिला. बसला नाही. ओ मिळाल्याशिवाय बसायचं नसतं.

गाडीची वेळ टळून गेली. देवळाकडून घंटेचा आवाज आला. पलीकडची झोपडी सावलीत गेली, आणि वरच्या पायवाटेने एक माणूस हळूहळू उतरताना दिसला. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात काही नाही. चालणं थकलेलं. त्याने नदीकडे पाहिलंसुद्धा नाही. नदीकडे बघायचं त्याला आता काम नव्हतं. तो दाराशी गेला आणि कडी काढायला वाकला.

प्रफुलचा घसा सकाळीच बसला होता. आवाज येईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"डोंगा होऽऽऽ!"

म्हातारा कडीवर हात ठेवून तसाच थांबला. वळला नाही. भास झाला असं त्याला वाटलं असणार; ओस घाटावर असले भास होतात.

"डोंगा होऽऽऽ!"

आता तो वळला. डोळ्यांवर आडवा हात धरून त्याने अलीकडे पाहिलं. आणि मग पाण्यावरून, सगळी वैनगंगा ओलांडून, लांब, भरदार आवाज आला.

"ओऽऽऽऽ!"

प्रफुल वाळूत मटकन बसला. ओ मिळाली होती.

म्हाताऱ्याने दाराची कडी तशीच सोडली. तो उतारावरून खाली आला, दोरी सोडली, डोंगा पाण्यात लोटला. येताना त्याने एकदाही घाई केली नाही. ओ दिलेली होती, पलीकडचा माणूस आता बसलेला होता. वल्ह्याचा आवाज जवळ जवळ येत गेला. डोंग्याचं टोक वाळूला लागलं तेव्हा पश्चिमेला थोडासा उजेड शिल्लक होता आणि त्या उजेडात दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं.

म्हाताऱ्याने ओळख विचारली नाही. आवाजावरूनच ओळखलं असेल. त्याने फक्त एवढंच विचारलं, जे तो प्रत्येक उतारूला जन्मभर विचारत आला होता.

"लय वेळ उभं राहा लागलं का जी?"

प्रफुलने मान हलवली.

"हो भाऊ," तो म्हणाला. "लय दिस."

"बसा मंग आता," मनसाराम म्हणाला आणि त्याच्यासाठी डोंग्यातली जागा हाताने पुसून दिली.